रविवारची सही

माझ्या पोटापाण्याचा धंदा म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणं. अमरावतीतल्या एका खासगी रुग्णालयात मी गुणवत्ता विभाग सांभाळते. नर्सने हात धुतले का, पेशंटच्या मनगटावर नावाची पट्टी आहे का, पलंगाचे कठडे वर केलेत का, औषध दिल्याची वेळ लिहिली का, हे पाहायचं आणि काही न लिहिलेलं सापडलं की ओरडायचं. ओरडणं मला चांगलं जमतं. मी वॉर्डात शिरले की नर्सिंगच्या मुली खिशात पेन चाचपायला लागतात, हे मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचंही. प्रत्येक नव्या तुकडीकडून पहिल्या दिवशी मी एकच वाक्य घोकून घेते: जे लिहिलं नाही, ते झालंच नाही. वीस वर्षं मी हे वाक्य म्हणत आले. जे लिहिलंय ते तरी झालंय का, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

माझे वडील अकोल्याला राहायचे. पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. कालवा किती खणला, भराव किती घातला, याची मोजमापं वहीत मांडायची आणि खाली सही करायची, हे त्यांचं काम. एकदा एका साहेबाने न खणलेल्या चराची नोंद करायला सांगितली, तेव्हा बाबांनी पेन टेबलावर ठेवलं आणि रजेचा अर्ज लिहून घरी आले. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली की ती मी माझ्या मुलाला भरवताना गोष्टीसारखी सांगितली आहे. कागदावर खोटं लिहिणं म्हणजे जेवणात माती कालवणं, असं ते म्हणायचे. मी त्यांचीच मुलगी. माझा कागदावरचा विश्वास त्यांच्याकडूनच आलेला.

दोन वर्षांपूर्वी सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून रेझर गळून पडलं. लकवा. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचा तीन महिन्यांत परत आली, हात आणि पाय काही परत आले नाहीत. आई आधीच गेलेली. मी म्हटलं, आता अमरावतीला चला. ते म्हणाले, "नाई. हे माहं घर हाय, म्या बांधलं." त्यांचं बरोबर होतं. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि त्याच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. अकोल्याला त्यांचा पलंग रस्त्याच्या खिडकीला लागून होता. जाणारायेणारा प्रत्येक जण गजाशी थांबून "काय म्हंता साहेब?" विचारायचा, आणि साहेब तोंड वाकडं असतानाही पाच मिनिटं राजकारण बोलायचे.

मी मान्य केलं, पण माझ्या पद्धतीने. पेशंट सांभाळायला बायका पाठवणारी एक एजन्सी शोधली. अकोल्यात तिला सगळे ब्युरोच म्हणतात. तिथल्या व्यवस्थापकाची मी तासभर उलटतपासणी घेतली: बाईचं प्रशिक्षण कुठे झालं, पोलीस पडताळणी केली का, बदली बाई किती तासांत मिळते, बाईच्या कामावर देखरेख कोण ठेवतं. त्याला घाम फुटला. भिंतीवरच्या चौकटीतल्या दर्जाच्या प्रमाणपत्राकडे तो दोनदा बोट दाखवून बसला. चोवीस तास राहणारी बाई, आणि दर पंधरा दिवसांनी एक नर्स येऊन पेशंटला तपासणार, असं ठरलं. मी खूश झाले.

मग मी तक्ता तयार केला. आमच्या रुग्णालयातला, घरासाठी सुधारून. सोळा रकाने. नाडी, रक्तदाब, साखर, पाणी किती, लघवी किती, तोंड धुतलं का, दर दोन तासांनी कूस बदलली का आणि कोणती, त्वचा ठीक आहे का. बाबांसमोर फाईल ठेवून मी म्हटलं, "एक जरी रकाना रिकामा दिसला नं बाबा, तं त्याच रविवारी तुमाले गाडीत घालून अमरावतीले नेईन."

"सोळा?" ते म्हणाले. "आमच्या धरनाले बी इतके रकाने नोते."

आम्ही दोघेही हसलो. मी ते गमतीत म्हटलं नव्हतं, आणि त्यांनीही ते गमतीत घेतलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

पहिली बाई दोन महिन्यांत सोडून गेली. दुसरी आली ती तेल्हाऱ्याकडची, पंचेचाळिशीची, मनगटं मजबूत, बोलणं कमी. बाबांना ती आबाजी म्हणायची. ती आली आणि फायलीतलं अक्षर बिघडलं. आकडे ओळ सोडून खाली घसरलेले, 'डावी' मधला ड कधी उजवीकडे झुकलेला, कधी डावीकडे. मला वाईट अक्षराची मनापासून चीड आहे. तिसऱ्याच रविवारी मी तिला विचारलं, "बाई, शिकल्या किती तुमी?"

"बारावी, ताई."

"मंग अक्षर असं काहून? कोंबडीनं पाय पुसल्यावानी?"

ती बाबांकडे पाहू लागली. बाबा खिडकीबाहेर पाहू लागले. मला वाटलं ओशाळली. पुढच्या रविवारी मी बसस्टँडजवळच्या दुकानातून दुरेघी वही घेऊन गेले आणि तिच्या हातात ठेवली. रोज एक पान काढा म्हटलं. तिने ती मुकाट्याने घेतली. पलंगावरून बाबाच म्हणाले, "दे माय, दे. चांगलं केलं."

महिन्याभरात अक्षर ओळीवर उभं राहायला लागलं. मी तिचं कौतुक केलं. पाहा, मनावर घेतलं की होतं, असं काहीतरी म्हणाले. त्या दिवशी बाबा विनाकारण खुशीत होते, मी गेल्यावर रात्री दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. ते मी पुढच्या रविवारी फायलीत वाचलं आणि मलाही बरं वाटलं.

माझा रविवार ठरलेला होता. सात वाजता बस, बडनेरा, मूर्तिजापूर, दहापर्यंत अकोला. गेल्यावर बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती आणि अगरबत्ती लावून वंदना व्हायची, बाबा पलंगावरूनच म्हणायचे. घरात नेहमीपेक्षा जास्त अगरबत्त्या लावलेल्या असत. पावडरचा वास असे. स्वच्छ चादर. मी त्यांच्या डोक्याशी खुर्ची घेऊन बसायची, आठवड्याची पानं एकेक उलटायची आणि शेवटच्या पानावर हिरव्या शाईने लिहायची: तपासले, समाधानकारक. खाली सही. मग वांग्याची भाजी, गप्पा आणि चारची बस.

चादर मी कधी उचलली नाही. एकदा म्हटलं होतं, "बाबा, पाठ पाहू का?" ते म्हणाले, "बाप हाय म्या तुहा. बाई पायते ते सारं." आमच्या घरात मुलीने बापाला बनियनवरही फारसं पाहिलेलं नसतं. ते नको म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेच खरं आहे. रुग्णालयात मी प्रत्येक पेशंटची पाठ नर्सला उलटून पाहायला लावते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका बुधवारी माझं अकोल्यातल्या एका रुग्णालयात काम निघालं. ते बारालाच संपलं. रविवारशिवाय मी कधी गेले नव्हते. वाटलं, बाबांना चकित करू. रिक्षाने घरापाशी उतरले आणि पाहते तर दाराला बाहेरून कुलूप.

दवाखान्यात नेलं असेल आणि मला कळवलं नसेल, असंच मनात आलं. मी मोबाइल काढतच होते, तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला.

"काय झालं बाई, लवकर आल्या आज?"

आत माणूस होतं, आणि बाहेरून कुलूप होतं. घराची एक किल्ली माझ्याकडे असतेच. ती मी कुलपात घातली. आग लागली असती तर? घास अडकला असता तर? अमरावतीत मी वर्षातून दोनदा आगीची कवायत घेते, प्रत्येक पलंगाशी घंटी आहे की नाही ते पाहते. दार उघडलं तेव्हा दिसलं की इथेही घंटीची सोय होती. खिडकीच्या गजाला सुतळीने एक चमचा बांधला होता, वाजवायला.

बाबा तीन उशांना टेकून अर्धवट बसवलेले होते. मांडीवर लाकडी पाट, पाटावर माझी फाईल, आणि त्यांच्या डाव्या हातात पेन. मला पाहिल्यावर त्यांनी अगदी हळू, डाव्या हाताने चादर फायलीवर ओढली. परीक्षेत चिठ्ठी सापडलेल्या पोराच्या चेहऱ्यावर दिसतं ते मी माझ्या बापाच्या चेहऱ्यावर पाहिलं.

"घरात कोनी नाई बाबा?"

"आत्ताच गेली ते. दुकानात."

मी चादर बाजूला केली आणि फाईल घेतली. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजायला आला होता. फायलीत चार वाजलेले होते. दोन वाजता कूस बदलली, उजवी. चार वाजता कूस बदलली, डावी. त्वचा ठीक. शेवटचा शब्द माझ्या बोटाला लागून पसरला.

मला कळायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. मी अक्षराकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे, मग परत अक्षराकडे. उजव्या हाताचा माणूस डाव्या हाताने लिहायला शिकला होता, आणि त्याला मी दर रविवारी मार्क देत होते, दुसऱ्याच्या नावावर.

"हे तुमी लिहिता?"

त्यांनी पेन उशीखाली सारलं.

"कवापासून बाबा?"

"पहिले जमत नोतं," ते म्हणाले. "तू वही आनली नं, तवापासून बरं जमाले लागलं."

तोवर मला वास आला होता. दारातच आला असेल, पण मी ओळखला नव्हता. त्या दिवशी अगरबत्ती नव्हती आणि पावडर नव्हती, आणि त्या वासाबाबत माझी चूक होणं शक्य नव्हतं. मी उशा काढून त्यांना कुशीवर घ्यायला लागले. ते म्हणाले, "नको माय. बाई आली का पायन ते. नको." डाव्या हाताने त्यांनी चादर घट्ट धरली. माझ्या बापाशी मी झटापट केली, आणि त्यांचा एकच हात असल्यामुळे मी जिंकले.

कमरेच्या खाली, माकडहाडावर, माझ्या तळहाताएवढी जखम होती. कडा काळ्या, आत पिवळं, आणि मधोमध खोल, खूप खोल. गेल्या वीस वर्षांत मी अशा जखमा पाहिल्या आहेत, त्यांची लांबीरुंदी सेंटिमीटरमध्ये लिहून घेतली आहे, त्यांवरून माणसांची नोकरी घालवली आहे. मी मोरीत जाऊन ओकले. मग तोंड धुऊन ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि पत्ता सांगताना गल्लीचं नाव विसरले.

समोरच्या घरातल्या काकूंनी बाईला कळवलं असावं. दहा मिनिटांत ती धापा टाकत आली. मी तिला दारातच धरलं आणि नको नको ते बोलले. माणूस कोंडून जाता? कुत्र्याला तरी कोणी असं कोंडतं का? ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताई, मांगच्या गल्लीत एक म्हातारी माय अंथरुनात पडून हाय. तिच्या घरी बी कोनी नाई. ब्युरोनं पहिल्याच दिवशी सांगतलं, दोनी घरं करा नाईतं घरी बसा. रविवारी तिचा पोरगा असते, म्हनून रविवारी म्या इथं असतो."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतोच म्हनलं होतं. आबाजीनं हात जोडले." मग तिनेच दुरुस्त केलं. "दोनी हात जोडता येत नाई त्याईले. एकच हात कपाळाले लावला. म्हने, पोरीले सांगशीन तं ते मले घेऊन जाईन. फाईल म्या सांभाळतो, तू जा."

पडून पडून पाठीला जखम होऊ नये म्हणून ब्युरोने दिलेली हवेची गादी महिन्यापासून फुगत नव्हती. तिने ब्युरोला चारदा कळवलं होतं. पंधरा दिवसांनी येणारी नर्स दारात उभी राहून फायलीचा मोबाइलवर फोटो काढायची आणि जायची. जखम आधी नुसती लाल होती, मग तिने मलम लावलं, हळद लावली, मग ती घाबरली. रविवारी अगरबत्त्या तीच जास्त लावायची. हे सगळं तिने एका दमात सांगितलं, आणि सांगता सांगताच स्ट्रेचर आलं तसं बाबांच्या मानेखाली आणि गुडघ्यांखाली हात घालून त्यांना अलगद कुशीवर घेतलं. मला ते जमत नव्हतं. मी शिकवते, करत नाही.

शल्यचिकित्सक तरुण होता. जखम साफ करून बाहेर आला आणि म्हणाला, हाडापर्यंत गेलंय. मग विचारलं, "यांना दिवसभर अर्धवट टेकवून बसवत होते का? पूर्ण आडवं नाही, पूर्ण सरळ नाही, असं?" मी हो म्हटलं. तो समजावून सांगायला लागला की असं बसवलं की शरीर इंचाइंचाने खाली घसरतं, कातडी गादीला चिकटून जागच्या जागी राहते आणि आतलं मांस हाडाबरोबर ओढलं जातं, आतल्या आत फाटतं. मी त्याला थांबवलं नाही. हे मी दर महिन्याला फळ्यावर चित्र काढून शिकवते. माझ्या डोळ्यांसमोर तो लाकडी पाट होता. आडवं पडून लिहिता येत नाही. माझे सोळा रकाने भरायला ते रोज चार-पाच तास तसे बसत होते, आणि लिहीत होते की कूस बदलली.

मी त्या रुग्णालयाच्या बाकावर बसून राहिले. रडू आलं नाही. कोणीतरी कानफटात मारावी आणि ऐकू येणं बंद व्हावं, तसं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी फाईल काखेत मारून मी एजन्सीत गेले. ओरडायची पूर्ण तयारी होती आणि ओरडलेही. दोन घरांना एक बाई, फुटकी गादी, बाहेरून कुलूप, पाठ न पाहणारी नर्स. व्यवस्थापकाला या वेळी घाम फुटला नाही. त्याने फाईल माझ्याकडून घेतली, उलटी फिरवून माझ्यासमोर ठेवली आणि एकेक रविवार उघडत गेला. हिरवी शाई. तपासले, समाधानकारक. तपासले, समाधानकारक.

"मॅडम, आमची नर्स नवीन आहे, चुकली असेल," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही तर याच क्षेत्रातल्या. तुम्हाला समाधानकारक वाटलं, तर आम्ही कोण?"

चोराच्या उलट्या बोंबा, असं मी मनात म्हटलं. ती नर्स फायलीचा फोटो काढायची, मी फायलीवर सही करायची. तिला निदान पंधरा दिवसांतून एकदाच यावं लागत होतं.

तक्रार मी केली. कुठे करायची हेच आधी चार दिवस कळेना. गल्लीतल्या खानावळीची तक्रार कुठे करायची हे मला पाठ आहे, पण अंथरुणावरच्या माणसाला घरात कोंडणाऱ्याची तक्रार घेणारं टेबल मला सापडेना. ज्या कार्यालयात गेले तिथून दुसरीकडे पाठवलं. शेवटी एजन्सीलाच लेखी दिलं. त्यात पहिल्याच ओळीत मी बाईचं नाव लिहिलं होतं, रागाच्या भरात. त्यांनी तत्परतेने कारवाई केली आणि बाईला काढून टाकलं. मागच्या गल्लीतल्या म्हातारीकडे मग कोण गेलं, ते मी विचारलं नाही. प्रमाणपत्र अजून भिंतीवर आहे.

बाबांना अठरा दिवस दवाखान्यात ठेवलं. पहिले काही दिवस ताप होता आणि ते मला माझी आई समजून बोलायचे. ताप उतरला त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं. न विचारता मला घास गिळता आला नसता.

"काहून केलं बाबा असं?"

"तूच तं म्हनली होती," ते म्हणाले. "एक रकाना रिकामा दिसला तं नेईन म्हनून."

"अख्ख्या नोकरीत न झालेलं काम कधी मांडलं नाई तुमी."

"ते सरकारचं काम होतं माय," ते म्हणाले. "हे माहं होतं."

मला त्यांचा राग आला. मग माझा आला. मग पुन्हा त्यांचा. मी उठून बाहेर गेले आणि चहाच्या टपरीवर चहा न घेताच उभी राहिले. सोळा रकान्यांचा तक्ता करताना मी एक गोष्ट त्यांना कधी विचारली नव्हती, ती म्हणजे तुम्हाला भीती कशाची वाटते. विचारलं असतं तर त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. जखमेची नव्हती, मरणाचीही नव्हती. माझी होती.

डॉक्टरांनी घरी सोडताना स्पष्ट सांगितलं, आता यांना एकटं ठेवणं नाही, कधीच नाही. मी त्यांना अमरावतीला आणलं. जाताना गाडी अकोल्याच्या घरावरून न्या म्हणाले, तेवढं मी केलं. गाडीतून उतरवता येत नव्हतं. काच खाली करून त्यांनी खिडकीकडे पाहिलं, आपल्याच, बाहेरच्या बाजूने.

आता त्यांचा पलंग माझ्या पुढच्या खोलीत आहे. दिवसा एक बाई येते. सकाळची आणि संध्याकाळची पट्टी मी स्वतः बदलते. पहिल्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडले आणि सगळं होईपर्यंत डोळे मिटून होते. मीही इकडेतिकडे पाहत, चोरट्यासारखे हात चालवत होते. आठवड्याभरात ते अवघडलेपण कमी झालं, संपलं नाही. जखम भरते आहे, पण फार हळू. आधी आत मूठ मावेल असं वाटायचं, आता लिंबाएवढी जागा उरली आहे. रुग्णालयात मी अजून कामाला जाते. ते वाक्य आता मी कुणाकडून घोकून घेत नाही. वॉर्डात गेले की आधी पाठ पाहते, मग कागद मागते. मुलींना वाटतं मॅडम जास्तच कडक झाल्या.

गेल्या महिन्यात अकोल्याच्या घराला भाडेकरू ठरला. नवरा म्हणाला, बंद घराला वाळवी लागते, आणि ते खरंच होतं. एक तारखेला ते लोक राहायला येणार. बाबांना सांगायचं माझ्यावर होतं. मी आज सांगते, उद्या सांगते करत आठ दिवस काढले.

परवा सकाळी पट्टी काढली तेव्हा खाली थोडं रक्त होतं. मी धुवायला लागले. नेहमीसारखं विचारलं, "दुखते काय बाबा?"

"नाई. बरं वाटून राह्यलं."

मी पाहिलं, डाव्या हाताने त्यांनी पलंगाचा कठडा धरला होता आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"खरं सांगा बाबा. खरं सांगतलं तं औषध बदलता येते. माह्यापासून काही लपवू नका आता."

ते भिंतीकडे तोंड करूनच होते. मग म्हणाले, "खरं सांगतलं तं अकोल्याले नेशीन काय?"

माझ्या हातात ओला कापूस होता. टेबलावर माझ्या पर्समध्ये भाडेकरूच्या कागदांचं पाकीट होतं.

"हो बाबा," मी म्हटलं. "नेईन."

"मंग दुखते," ते म्हणाले. "लय दुखते."